तिकडची पेन्शन आणि इकडचं पत्र



मुलांकडे अमेरिकेत कायमचे आलेले आणि एस.एस.आय. घेणारे जे आई-बाबा आहेत, त्यांच्यासाठी ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा. "तुम्हाला जास्त पैसे दिले गेले, परत करा" असं सोशल सिक्युरिटीचं पत्र आलं की आधी छातीत धस्स होतं, मग मुलगा-सुनेसमोर लाज वाटते आणि पत्र कपाटात जातं. या पत्रामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

गरीब वृद्ध, अंध आणि अपंगांची मदत पूर्वी राज्यं आपापल्या पद्धतीने चालवायची. ३० ऑक्टोबर १९७२ ला निक्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि जानेवारी १९७४ पासून एस.एस.आय. सुरू झालं. एकट्या माणसाला महिना १४० डॉलर. महागाईप्रमाणे वाढत ही रक्कम २०२५ मध्ये ९६७ झाली. पण उत्पन्नातली सूट तेव्हा २० डॉलर होती, आजही २०च! कमाईवरची जादा सूटही ६५ वरच अडकली आहे. शिलकीची मर्यादा १९८९ मध्ये २००० झाली (नवरा-बायकोला ३०००), त्यानंतर हललेली नाही. माझ्या मते निम्मी कर्जं इथूनच जन्माला येतात.

आता आपली गोष्ट. बाबांची पेन्शन सांगलीच्या बँकेत जमा होते, इकडे एक पैसा येत नाही, मग सांगायचं कशाला? असं आपल्याला प्रामाणिकपणे वाटतं. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला मात्र न चुकता पाठवतो! कायदा पैसा कुठे जमा झाला ते बघत नाही, तो तुमच्या हाताशी आहे का ते बघतो. समजा ती पेन्शन ३५० डॉलरच्या आसपास आहे. त्यातले २० वगळून ३३० दर महिन्याला एस.एस.आय. मधून कापायला हवे होते. तीन वर्षं सांगितलं नाही तर कर्ज ११,८८० डॉलर. गावच्या घराचं भाडं, एफ.डी. हेही सांगायचं असतं. आणि भारतात सलग ३० दिवस राहिलात तर एस.एस.आय. थांबतं, परत येऊन सलग ३० दिवस काढल्यावरच पुन्हा सुरू होतं. लग्नसराईला दोन महिने जाऊन आलेल्यांनी आपला पासपोर्ट काढून बघावा.

पण कर्ज निघालं म्हणजे सगळं संपलं असं नाही. पूर्वी माफीचा अर्ज केला तरी साहेब नुसते कागद बघून निर्णय द्यायचे आणि वसुली सुरू व्हायची. १९७९ मध्ये 'कॅलिफानो विरुद्ध यामासाकी' खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की माफी मागणाऱ्याचं म्हणणं वसुलीआधी समोरासमोर ऐका. माणसाची चूक होती की नाही, हे कागदावरून कसं कळणार? तो खटला निवृत्तीवेतनासारख्या लाभांबद्दल होता, पण अशी भेट आज एस.एस.आय. वाल्यांनाही मागता येते. पुढे कायद्यात हेही आलं की चूक ठरवताना वय, शिक्षण आणि इंग्रजी न येणं विचारात घ्यायचं. १९८४ पासून एस.एस.आय. मधली कपात साधारण उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच ठेवलेली आहे. जाणूनबुजून लपवलं असेल तर मात्र हे संरक्षण मिळत नाही. "इतर उत्पन्न नाही" असं लिहून सही केली असेल, तर माफी मिळणं अवघडच. मी खोटी आशा दाखवणार नाही.

१९९६ च्या कायद्यानंतर आलेल्या बहुतेक आई-बाबांना नागरिकत्व मिळाल्यावरच एस.एस.आय. मिळतं. म्हणून भीती आणखी वाढते, "नागरिकत्व जाईल का?" साध्या चुकीच्या कर्जाने ते जात नाही. पण खोटेपणाचा आरोप असेल तर आधी वकील गाठा.

पत्र आलं असेल तर तारीख बघा. कर्जच चुकीचं वाटत असेल तर ६० दिवसांत फेरविचाराचा अर्ज, फॉर्म ५६१. वसुली सुरूच होऊ नये असं वाटत असेल तर ३० दिवसांच्या आत करा. कर्ज खरं आहे पण चूक तुमची नाही आणि फेडणं झेपत नाही, तर माफीचा फॉर्म ६३२. त्याला मुदत नाही. सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात दुभाषा फुकट मिळतो, नातवाला सोबत नेऊन त्याच्याकडून भाषांतर करून घेऊ नका. आणि बँकेचं पासबुक नेताना पेन्शनचं पानही न्या.