सरकारी महामंडळे : मालकी, नोकरी आणि झाडू

१९५१ साली पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली तेव्हा केंद्र सरकारच्या मालकीचे उद्योग होते पाच, आणि त्यांत गुंतलेले भांडवल होते २९ कोटी रुपये. आपल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून सार्वजनिक क्षेत्राचा इतिहास या दोन आकड्यांपासून सुरू होतो. तिथून तो भिलाई, राउरकेला, दुर्गापूरच्या पोलाद कारखान्यांकडे जातो आणि १९९१ पाशी येऊन उसासा टाकतो. या इतिहासात दलित कुठे असतो? फार तर राखीव जागांच्या तळटीपेत. वास्तविक या देशात महामंडळाची कल्पना रुजवणाऱ्यांत आणि मालकीचा प्रश्न मुळापासून मांडणाऱ्यांत एक नाव बाबासाहेबांचे आहे. पण ते नाव घटनेच्या पुस्तकात ठेवायचे आणि अर्थकारणाच्या पुस्तकातून वगळायचे, अशी आपल्या विद्यापीठांची जुनी सोय आहे.

जुलै १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्याच खात्याकडे होते. १९४३ च्या पुरात दामोदर नदीने बंगालमध्ये हाहाकार केला. त्यानंतर या नदीचे काय करायचे, यासाठी केंद्र, बंगाल आणि बिहार यांच्या ज्या परिषदा १९४५ साली कलकत्त्यात भरल्या त्यांचे अध्यक्ष बाबासाहेब होते. अमेरिकेत १९३३ साली टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी एक स्वायत्त प्राधिकरण स्थापन झाले होते. तोच नमुना समोर ठेवून १९४८ च्या कायद्याने दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन जन्माला आले. नदी दोन प्रांतांतून वाहते, पूर प्रांताची हद्द पाहत नाही, म्हणून खात्यापेक्षा वेगळी आणि तिन्ही सरकारांना उत्तरदायी अशी संस्था हवी, हा त्यामागचा विचार. धरणांखाली आदिवासींच्या जमिनी गेल्या, हेही त्याच इतिहासाचे पान आहे, आणि ते आपण तरी झाकून ठेवण्याचे कारण नाही.

मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. त्यातली योजना पुन्हा नीट वाचली पाहिजे. कळीचे उद्योग सरकारच्या मालकीचे व सरकारने चालवायचे. मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे, पण ते सरकारने किंवा सरकारने स्थापलेल्या महामंडळांनी चालवायचे. विमा ही सरकारची मक्तेदारी. शेती हा सरकारी उद्योग, आणि जमीन जातिधर्माचा भेद न करता गावकऱ्यांना सामूहिक पद्धतीने कसण्यासाठी द्यायची. मूळ मालकांना भरपाई रोख नव्हे, कर्जरोख्यांत. आणि हे सगळे कुठे लिहायचे? साध्या कायद्यात नाही, तर घटनेत. कारण साधा कायदा आजचे बहुमत करते आणि उद्याचे बहुमत मोडते. ज्याच्या हाती जमीन नाही, भांडवल नाही आणि संसदेत बहुमत होण्याचीही शक्यता नाही, त्याचे पोट येत्या निवडणुकीच्या निकालावर टांगून ठेवायचे नाही, हा यातला खरा मुद्दा होता.

घटनेत ते लिहिले गेले नाही. इतकेच नव्हे, तर नोव्हेंबर १९४८ मध्ये के. टी. शहा यांनी ‘समाजवादी’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती सुचवली तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनीच ती नाकारली. समाजाची आर्थिक रचना लोकांनी काळानुसार ठरवावी, ती घटनेने बांधून टाकू नये, असे त्यांचे तेव्हाचे म्हणणे. आपल्यातले काही अभ्यासक ही विसंगती लपवतात, तर आपले विरोधक ती फडकवतात. मला दोन्हींचे कारण दिसत नाही. १९४७ साली ते एका पीडित वर्गाच्या वतीने बोलत होते, १९४८ साली काँग्रेसचे प्रचंड बहुमत असलेल्या सभेचा मसुदा सांभाळत होते. मालकीचा प्रश्न मार्गदर्शक तत्त्वांत, एकोणचाळिसाव्या कलमात, गेला. तिथे न्यायालय हात लावू शकत नाही.

मग सार्वजनिक क्षेत्र उभे राहिले ते कशावर? १९४८ च्या आणि १९५६ च्या औद्योगिक धोरणाच्या ठरावांवर. १९५६ च्या ठरावाने सतरा उद्योग सरकारसाठी राखले. यात समाजवाद किती आणि सोय किती? १९४४ साली टाटा, बिर्ला आदी उद्योगपतींनी जी ‘बॉम्बे प्लॅन’ काढली तिच्यात त्यांनी स्वतःच सरकारी भांडवलाची मोठी भूमिका मागितली होती. पोलाद, वीज, अवजड यंत्रे यांत पैसा खूप लागतो आणि नफा उशिरा येतो. तो भार जनतेने उचलावा आणि त्यावर त्यांचे कारखाने चालावेत, यात त्यांची तक्रार नव्हती. सतरा हा आकडा १९९१ साली आठवर आला, तोही एका धोरणपत्रानेच.

आता या संस्थांच्या रचनेकडे पाहू, कारण पुढचे सगळे तिच्यावर ठरले. सरकार उद्योग तीन प्रकारे चालवते. पहिला प्रकार खात्याचा : रेल्वे, टपाल, पूर्वीचे दारूगोळा कारखाने. इथला कामगार थेट सरकारी नोकर. दुसरा वैधानिक महामंडळाचा : संसद किंवा विधिमंडळ खास कायदा करते, आणि त्यातून संस्था जन्मते. १९५३ ची विमान महामंडळे, १९५६ चे आयुर्विमा महामंडळ, आपली एस.टी., ही या प्रकारची. तिसरा कंपनीचा : इतर कुठल्याही कंपनीसारखी नोंदणी करायची, भाग राष्ट्रपतींच्या नावे घ्यायचे, कायद्याला सभासदांची जी संख्या लागते ती भरायला काही अधिकाऱ्यांच्या नावे एकेक भाग ठेवायचा. १९५६ च्या कंपनी कायद्याने सरकारी कंपनीची व्याख्या केली : निदान एकावन्न टक्के भांडवल सरकारचे. २०१३ च्या कायद्यानेही तीच ठेवली.

हा तिसरा प्रकार सर्वांत जास्त वाढला. कारण उघड आहे. महामंडळाला कायदा लागतो, म्हणजे सभागृहात चर्चा लागते. कंपनीला लागतो नोंदणीचा कागद. आणि जी वस्तू कागदाने उभी राहते ती कागदानेच विकताही येते. २००३ साली हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम विकायला काढल्या तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सरकारला अडवले. या तेल कंपन्या संसदेने कायदा करून राष्ट्राच्या ताब्यात घेतल्या आहेत, तेव्हा कायदा बदलल्याशिवाय त्या विकता येणार नाहीत, एवढेच न्यायालय म्हणाले. १९४७ च्या निवेदनातली सावधगिरी किती व्यवहारी होती ते इथे दिसते.

आपल्या माणसाला या संस्थांत प्रवेश सहज मिळाला असे नाही. घटनेच्या सोळाव्या कलमातली राखीव जागांची तरतूद ‘राज्यसंस्थे’च्या नोकऱ्यांसाठी. महामंडळ म्हणजे राज्यसंस्था का? व्यवस्थापने बरीच वर्षे ‘आम्ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहोत’ असे म्हणत राहिली. १९६७ साली राजस्थान वीज मंडळाच्या, १९७५ साली सुखदेव सिंग यांच्या आणि १९८० साली अजय हासिया यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पायरीपायरीने सांगितले, की सरकारचे भांडवल, सरकारचे नियंत्रण आणि सार्वजनिक काम असलेली संस्था बाराव्या कलमाखाली राज्यसंस्थाच आहे. कंपन्यांत राखीव जागा आल्या त्या सरकारने राष्ट्रपतींच्या नावे काढलेल्या निदेशांनी. म्हणजे पुन्हा कागदानेच.

तरीही आल्या. १९६९ साली चौदा आणि १९८० साली सहा बँका राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. त्यांच्या काउंटरमागे, विमा कचेऱ्यांत, वीज मंडळात, एस.टी.च्या डेपोत आपली पहिली पगारदार पिढी बसली. चळवळीची वर्गणी या पगारातून आली, नियतकालिके या पगारावर निघाली, विहारांच्या विटा या पगाराच्या आहेत. आपले साहित्य कुणाच्या महिनाअखेरीवर छापले गेले याचा हिशेब कुणी मांडला नाही. तो मांडला पाहिजे. कांशीराम पुण्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिथे आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या तेव्हा चतुर्थ श्रेणीतले दीनाभाना त्याविरुद्ध उभे राहिले. पुढे ६ डिसेंबर १९७८ रोजी ‘बामसेफ’ उभी राहिली ती अशाच नोकरदारांच्या बळावर. त्याच वर्षी महाराष्ट्रात महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ निघाले : एकावन्न टक्के राज्याचे, एकोणपन्नास टक्के केंद्राचे. बाबासाहेबांनी मागितली होती मूलभूत उद्योगांची मालकी. मिळाले म्हशी, रिक्षा आणि किराणा दुकान यांच्यासाठी कर्ज देणारे एक कार्यालय, आणि जामीनदार शोधत फिरणारी पोरे.

वर काय झाले? संचालक मंडळावर राखीव जागा हा नियमच झाला नाही. खाली काय झाले, ते मात्र सविस्तर सांगितले पाहिजे.

महामंडळांच्या इमारती झाडणारा, संडास धुणारा, फरशी पुसणारा माणूस कोणत्या जातींतला, हे सांगायला नको. हे काम ठेकेदाराकडे देण्याची पद्धत जुनी. ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने कंत्राटी कामगार कायद्याच्या दहाव्या कलमाखाली अधिसूचना काढून आपल्या कक्षेतल्या आस्थापनांत झाडलोट, सफाई आणि राखण यांसाठी कंत्राटी पद्धत बंद केली. ठेके तरी चालूच राहिले. एअर इंडियाचे सफाई कामगार न्यायालयात गेले. व्यवस्थापनाचा एक बचाव असा, की आता आम्ही महामंडळ नाही, कंपनी आहोत. आमच्यासाठी केंद्र हे ‘योग्य सरकार’ नव्हे, म्हणून केंद्राची अधिसूचना आम्हाला लागू नाही. वाचकांनी इथे थांबावे. वर्गात रटाळ वाटणारा तो तीन प्रकारांचा धडा इथे एका झाडूवाल्याच्या ताटापर्यंत येतो. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला : कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणजे कामगार मूळ मालकाचे झाले, त्यांना सामावून घ्या.

हा न्याय पाच वर्षे टिकला. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो उलटवला. संस्था बाराव्या कलमाखाली राज्यसंस्था असली तरी तेवढ्याने तिचा उद्योग केंद्राच्या अधिकाराखाली चालतो असे होत नाही. कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाहीत. आणि १९७६ ची अधिसूचना, प्रत्येक आस्थापनेचा वेगळा विचार न करता सरसकट काढली म्हणून, पुढील काळापुरती रद्द.

त्याच वर्षी बाल्कोचे एकावन्न टक्के भाग स्टरलाइटला विकले गेले. कोरब्याचे कामगार सदुसष्ट दिवस संपावर होते. डिसेंबरात न्यायालयाने सांगितले, की आपली कंपनी कायम सरकारीच राहावी असा कामगारांचा हक्क नाही. एकावन्नाचे एकोणपन्नास झाले, की बारावे कलम गेले, सोळावे गेले, निदेशही गेले. त्यासाठी घटनेतला एक शब्दही बदलावा लागत नाही.

दारूगोळा कारखाने मात्र खात्याचे होते, म्हणून ते सुरक्षित वाटत. खडकी, देहूरोड, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, भंडारा ही नावे आपल्या कितीतरी घरांत गावाच्या नावाइतकीच घेतली जातात. १ ऑक्टोबर २०२१ रोजी अशा एक्केचाळीस कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, आणि कामगार या कंपन्यांत प्रतिनियुक्तीवर आहेत असे धरले गेले. चार महिन्यांनी, २७ जानेवारी २०२२ रोजी, एअर इंडिया टाटांकडे गेली.