लाथेचा खेळ आणि घरचे शब्द

जर्मन शिकणाऱ्यांना फुटबॉलचा धडा सोपा जातो. गोल म्हणजे ‘टोर’, कॉर्नर म्हणजे ‘एके’, ऑफसाइड म्हणजे ‘आपझाइट्स’. टोरचा मूळ अर्थ मोठा दरवाजा, वेस. एके म्हणजे कोपरा. आपझाइट्स म्हणजे बाजूला, वाटेपासून दूर. सगळं इतकं घरगुती वाटतं, की हा खेळ तिथलाच असावा असा कुणाचाही समज होईल. पण हे शब्द मुद्दाम शोधून रुजवावे लागले, आणि त्यामागे बरंच भांडण होतं.

१८७४ साली ब्राउनश्वाइग शहरात कोन्राड कोख नावाच्या शिक्षकाने आपल्या शाळेतल्या मुलांच्या हाती इंग्लंडचा चेंडू दिला. (हाती म्हणणंच बरोबर. तो सुरुवातीचा खेळ आजच्या रग्बीच्या जास्त जवळचा होता.) पुढच्या वर्षी त्याने जर्मनमध्ये नियम छापले. २०११च्या ‘डेअर गान्झ ग्रोसे ट्राउम’ या चित्रपटात कोख इंग्रजीचा मास्तर दाखवलाय. प्रत्यक्षात तो जर्मन आणि अभिजात भाषा शिकवायचा, आणि पुढची गोष्ट कळायला हा फरक महत्त्वाचा आहे.

त्या काळी जर्मनीत व्यायाम म्हणजे ‘टुर्नेन’: रांगेत उभं राहून, हुकमानुसार केलेली जिम्नॅस्टिक्स. ती देशभक्तीचाच भाग मानली जाई. त्या मंडळींना हा परदेशी धुडगूस सहन होईना. १८९८ साली श्टुटगार्टच्या कार्ल प्लांक या व्यायामशिक्षकाने फुटबॉलविरुद्ध एक पुस्तिकाच काढली. नाव ‘फुसल्युमेलाय’, म्हणजे साधारण ‘पायांचा गावंढळपणा’. उपशीर्षकात ‘इंग्रजी रोग’ हे शब्द होते. लाथ मारणं ही तुच्छता दाखवण्याची कृती आहे आणि त्या पवित्र्यात माणूस माकडासारखा दिसतो, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात, त्यामुळे यातल्या पहिल्या मुद्द्यावर मला फार हसता येत नाही.

अशा वातावरणात पोरं मैदानावर ‘गोल’ आणि ‘कॉर्नर’ ओरडणार म्हणजे विरोधकांच्या हातात आयतं कोलीत. परकीय शब्द हाकलण्यासाठी १८८५ साली स्थापन झालेली ‘जर्मन भाषा संघ’ ही संस्था तेव्हा जोरात होती. १९०३ साली कोखने तिच्याच नियतकालिकात फुटबॉलच्या इंग्रजी संज्ञांना जर्मन प्रतिशब्दांची यादी दिली. मला ही त्याची सर्वात हुशार खेळी वाटते. खेळ बदलायचा नाही, फक्त त्यातल्या गोष्टींची नावं बदलायची.

शब्द मात्र रिकाम्या हाती येत नाहीत. बरेचसे सैन्याकडून आले. संघाला ‘मानशाफ्ट’, म्हणजे जहाजावरची किंवा फौजेतली माणसं. ‘आनग्रिफ’ म्हणजे हल्ला, ‘फ्लांके’ म्हणजे सैन्याची बगल. पुढे गेर्ड म्युलरला कौतुकाने ‘राष्ट्राचा बॉम्बर’ म्हटलं गेलं, तेही दुसऱ्या महायुद्धात जर्मन शहरं बेचिराख झाल्यानंतर पंचवीस-तीस वर्षांतच. मराठी क्रिकेटने शब्द घेतला तो आखाड्यातून: पायचीत, त्रिफळाचीत. त्या मानाने आपण बरे सुटलो.

यादी केली म्हणून सगळं रुजतं असंही नाही. पेनल्टीला नियमातला शब्द ‘श्ट्राफश्टोस’, शिक्षेची किक. लोकांनी मात्र ‘एल्फमेटर’, अकरा मीटर, हा शब्द धरला, कारण तो ठिपका समोर दिसतो. आपल्याकडेही समालोचनात फलंदाज बाद होतो, गल्लीत तो औटच होतो. ‘फाउल’ आणि ‘फेअर’ तर जर्मनमधून गेलेच नाहीत.

शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये हा वाद एवढा पेटला नाही. तिथल्या क्लबांची नावं आजही ‘ग्रासहॉपर’ आणि ‘यंग बॉइज’ आहेत, आणि जर्मन बोलणारा स्विस माणूस अजून ‘कॉर्नर’, ‘पेनल्टी’, ‘गोली’ म्हणतो.

‘आपझाइट्स’ मात्र मैदानाबाहेरही जोरात आहे. राजकारणात एखादा बाजूला पडला की तो ‘आपझाइट्स’मध्ये उभा असतो. स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला की ‘आयगनटोर’, स्वयंगोल. शंभर वर्षांपूर्वी ज्या खेळाला परका म्हणून हिणवलं, त्याच्याच भाषेत आता संसदेतली भांडणं समजावली जातात.

आणि २००६ साली विश्वचषक जर्मनीत भरला, लाखो लोक चौकाचौकांत पडद्यांसमोर जमले, तेव्हा या नव्या प्रकाराला जर्मनांनी नाव दिलं ‘पब्लिक व्ह्यूइंग’. अमेरिकेत त्याचा एक अर्थ होतो अंत्यदर्शन.