निरक्षर रुग्ण आणि आरोग्यशिक्षणाची चिन्हे

मार्च २०२० च्या अखेरीस करोनाच्या साथीमुळे वरळी कोळीवाड्याच्या वाटा बंद करण्यात आल्या. ज्यास वाचता येत नाही त्यास रोग व उपाय कसे समजावून द्यावेत, हा प्रश्न अशा वेळी निकडीचा होतो; परंतु मुंबईस तो नवा नाही.

१८९६ साली शहरात प्लेग उद्भवला. ६ ऑक्टोबरच्या जाहीरनाम्याने म्युनिसिपल कमिशनरांनी रुग्णांस सक्तीने इस्पितळात हलविण्याचा अधिकार घेतला. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. पुढे प्लेगग्रस्त घरांवर वर्तुळे व 'यू. एच. एच.' ही इंग्रजी आद्याक्षरे रंगविण्यात आली. 'मनुष्यवस्तीस अयोग्य' हा त्यांचा अर्थ. ही चिन्हे अधिकाऱ्यांच्या सोयीची होती. घरातील माणसांस त्यांतून कोणताही उपाय कळत नव्हता.

१९६० च्या दशकातील कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण मात्र पाहणाऱ्यास उद्देशून होता. तथापि त्रिकोणास स्वतःचा असा अर्थ नसतो; वारंवार दर्शनाने व तोंडी समजावणीनेच तो अंगवळणी पडतो.

तात्पर्य, चित्र हीदेखील शिकावी लागणारी लिपी होय. म्हणून कोळीवाड्यासाठी पत्रक छापण्यापूर्वी ते तेथील रहिवाशांस दाखवावे, आणि त्यांस काय उमगले ते त्यांच्याच शब्दांत ऐकून घ्यावे.