टेबलातलं टेबल

२००३च्या सिंहस्थात मी नाशिकच्या घाटांची माहिती देणारं एक पान केलं होतं. सायबर कॅफेत बसून, नोटपॅडमध्ये. मांडणी म्हणजे टेबलात टेबल, रेषा लपवायला बॉर्डर शून्य. मजकूर ‘शुषा’ फॉन्टमध्ये. वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला, की रामकुंडाच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसे.

२०१५च्या सिंहस्थाआधी ते पान नव्यानं करायला घेतलं. सीएसएस फारसं जड गेलं नाही. मांडणीसाठी टेबल वापरू नका, असं १९९७च्या एचटीएमएल ४मध्येच सांगितलं होतं. आम्हीच (ब्राउझरांच्या कृपेनं म्हणा) चिकटून बसलो. जड गेली ती अक्षरं. फाइलीत मराठी नव्हतीच, रोमन अक्षरांवर चढवलेले मुखवटे होते. ऱ्हस्व वेलांटी आम्ही व्यंजनाआधी टंकत असू. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. कन्व्हर्टरनं रफार भलतीकडे नेले. ओळ न् ओळ हातानं दुरुस्त केली.

मग गूगलवर पानातलं एक वाक्य टाकलं. बारा वर्षांत पहिल्यांदा ते सापडलं.

स्नानाच्या तारखांचं टेबल मात्र तसंच ठेवलंय. ते खरोखरच टेबल आहे.