बाटली नंबर ५३-एन आणि खाली पडलेला चिमटा

परळवरून जाता-येता हाफकिन इन्स्टिट्यूटची पाटी तुम्ही पाहिली असेल. आजचा एपिसोड त्या नावामागच्या माणसाचा, आणि एका साध्या चिमट्याचा.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ओडेसाला जन्मलेले वाल्डेमार हाफकिन इथे आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत त्यांनी प्लेगची लस बनवली. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना दिली. लस उपयोगी पडतेय असं दिसल्यावर ती देशभर जायला लागली.

आता येऊ ३० ऑक्टोबर १९०२ वर. पंजाबातलं मुलकोवाल गाव, आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळेच्या सगळे गेले. या १९ जणांची लस एकाच बाटलीतली होती, ५३-एन. बाकी ८८ जण ठणठणीत.

सरकारी चौकशीने बोट ठेवलं मुंबईच्या प्रयोगशाळेवर. हाफकिन यांनी लस बनवताना कार्बोलिक ॲसिड वगळून फक्त उष्णतेवर भर दिला होता, म्हणून घाण तिथेच शिरली असणार, असा तर्क. हाफकिन यांना कामावरून बाजूला केलं गेलं.

पण पुरावा वेगळंच सांगत होता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांनी ती हुंगली होती, वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू आत कित्येक दिवस वाढत असते, तर दुर्गंधी आली असती. शिवाय, बूच काढायचा चिमटा सहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि नीट निर्जंतुक न करता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात, आणि त्यांचे बीजाणू इतक्याने मरत नाहीत.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनेही कागदपत्रं तपासली. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. मधली पाच वर्षं मात्र गेली ती गेलीच.

माझ्या भाषेत सांगायचं तर कोड बरोबर होता, चूक इन्स्टॉल करताना झाली. आणि त्या सहाय्यकावर मला राग काढायचा नाही. समोर माणसं ताटकळत उभी असताना पडलेली वस्तू पुसून पुढे जाणं, आपण सगळेच करतो ना?

म्हणूनच नियम लिहून ठेवावे लागतात. हात धुवा, प्रत्येकाला नवी सुई वापरा, जमिनीवर पडलेलं साधन तसंच वापरू नका. पुढच्या वेळी लस घेताना सिस्टर तुमच्यासमोर नवं पाकीट फोडतील, तेव्हा 'किती वेळ लावतायत' असं म्हणू नका. मुलकोवालच्या त्या १९ जणांना आठवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!