हिरवळीवरच्या बायका

विम्बल्डनची स्पर्धा १८७७ साली सुरू झाली ती फक्त पुरुषांसाठी. बायकांना सात वर्षं थांबावं लागलं. १८८४ मध्ये तेराजणी उतरल्या, पायघोळ झगे सावरत! अंतिम सामन्यात मॉड वॉटसननं थोरल्या बहिणीला, लिलियनला हरवलं. बक्षीस चांदीची फुलांची परडी. (घरी गेल्यावर दोघी काय बोलल्या असतील, हा आपला माझा बायकी प्रश्न.)

१९६८ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना दार उघडलं, रोख बक्षिसं आली. विजेत्या रॉड लेव्हरला २००० पौंड, बिली जीन किंगला ७५०. गवत तेच, मोल मात्र निम्म्याहूनही कमी! बिली जीन गप्प बसली नाही. तरी बरोबरी व्हायला २००७ उजाडलं. त्या वर्षी व्हीनस विल्यम्सनं फेडररइतकेच सात लाख पौंड घेतले.