मारणाऱ्या चाकाची कुळकथा

घोडेगावचा शुक्रवार म्हशींचा. पहाटेपासून पिकअप आणि टेम्पो येऊन लागतात, फळ्या टाकून मुऱ्हा, जाफराबादी खाली उतरवल्या जातात आणि दुपारनंतर तीच वाहने नव्या धन्यांच्या गावांकडे निघतात. त्यात हा नगर–संभाजीनगर रस्ता, आणि इथूनच शनिशिंगणापूरला वळणाऱ्या गाड्यांची रीघ. अशा रस्त्यावर कोणी गाडीखाली आले आणि त्या गाडीचा विमा संपलेला निघाला, की जमलेल्यांतला एखादा जाणता घरच्यांना बाजूला घेऊन सांगतो, ‘काहीही करा, पण गाडी सुटू देऊ नका.’

हा सल्ला कायद्याला धरून आहे. 13 सप्टेंबर 2018 रोजी उषादेवी विरुद्ध पवनकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावले, की दिल्लीत 2008 पासून असलेला नियम तुम्हीही बारा आठवड्यांत करा. नियम असा: अपघातातल्या गाडीला थर्ड पार्टी विमा नसेल, तर भरपाईपुरते तारण मालकाने दिल्याशिवाय ती सोडायची नाही. तारण आले नाही, तर गाडी ताब्यात घेतल्यापासून तीन महिन्यांनी तिचा लिलाव करायचा आणि आलेला पैसा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरायचा. 2022 पासून केंद्रीय नियमांतही हीच तजवीज आली.

ज्या वस्तूने माणूस मारला, तीच वस्तू विकून त्याची भरपाई. ही कल्पना पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती फार जुनी वाटली होती. पुढे इंग्लंडच्या कॉरोनरांविषयी, म्हणजे अपमृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांविषयी, वाचताना तिचा पूर्वज सापडला. त्याचे नाव डिओडँड. ऐकताना देवदंड आठवतो, पण दंडाशी त्याचे नाते नाही. लॅटिनमधला अर्थ ‘देवाला द्यायचे’ एवढाच. माणसाच्या मृत्यूला कारण झालेली वस्तू, मग ती घोडा असो, बैल असो, गाडी असो की विहिरीवरची बादली, राजाकडे जमा व्हायची. निदान तिची किंमत तरी व्हायची, आणि ती कॉरोनरची ज्यूरी ठरवायची. मूळ उद्देश देवकार्याचा, दानधर्माचा. प्रत्यक्षात तो राजाचा किंवा राजाने हक्क बहाल केलेल्या सरदाराचा महसूल झाला.

त्यातला बारकावा पाहण्यासारखा आहे. उभ्या गाडीच्या चाकावर चढताना कोणी पडून मेला, तर फक्त ते चाक जमा. गाडी चालती असेल, तर चाके, साटा, बैल, जे जे हलत होते ते सगळे जमा. इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोनने हा भेद नोंदवून ठेवला आहे. गती हाच दोष, असा तो हिशेब.

मयताच्या बायकापोरांना मात्र यातले काही मिळत नसे. 1808 सालच्या बेकर विरुद्ध बोल्टन खटल्यात नवराबायको घोडागाडीच्या टपावर बसलेले, गाडी उलटली, नवऱ्याला मुका मार लागला, बायको महिनाभराने वारली. न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी सांगितले, की बायको जिवंत होती तेवढ्या दिवसांचे नुकसान धरा. माणसाच्या मरणाची भरपाई दिवाणी न्यायालयात मागता येत नाही. नवऱ्याच्या पदरात शंभर पौंड पडले. जखमी केले तर पैसे द्यायचे आणि मारून टाकले तर सुटायचे, असा तो कायदा होता.

मग रेल्वे आली. 24 डिसेंबर 1841 रोजी इंग्लंडमधल्या सॉनिंगच्या खोदाईत दरड कोसळून ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी अडकली आणि उघड्या डब्यांतून नाताळला घरी निघालेले कामगार, बहुतेक पार्लमेंटच्या इमारतीवरचे पाथरवट, चिरडून मेले. ज्यूरीने इंजिन आणि डब्यांवर हजार पौंडांचा डिओडँड लावला. बैलगाडीसाठी केलेला कायदा आता आगगाडीच्या इंजिनालाही लागू होऊ लागला आणि कंपन्या हादरल्या. 1846 च्या ऑगस्टमध्ये, एकाच महिन्यात, लॉर्ड कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने दोन कायदे झाले. एकाने डिओडँड रद्द केला, दुसऱ्याने मयताच्या कुटुंबाला भरपाई मागण्याचा हक्क दिला. राजाचा हात काढून घेतला गेला आणि वारसाचा हात पुढे आला.

हा दुसरा कायदा 1855 साली तेराव्या क्रमांकाचा कायदा म्हणून आपल्याकडे आला. बोरीबंदर–ठाणे गाडी 16 एप्रिल 1853 ला सुटली होती. दोन वर्षांत हा कायदा येणे मला योगायोग वाटत नाही. कंपनी सरकारने रेल्वेसोबत रेल्वेचे औषधही मागवले, असे माझे ठाम मत आहे. ज्याची ज्यूरी डिओडँडची किंमत ठरवायची तो कॉरोनर तर मुंबईत 1999 पर्यंत होता, फक्त ते काम त्याच्याकडे उरले नव्हते.

माझ्या या वंशावळीला आव्हान देणारे दावेदार आहेत. पहिला देशी. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांचा सविस्तर विचार आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, किंवा हाकणारा ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडत होता, तर दंड नाही. धन्याने अनाडी सारथी ठेवला, तर धन्याला दोनशे पण. सारथी कसबी असून बेफिकीर राहिला, तर दंड सारथ्याला. लायसन नसलेल्या ड्रायव्हरच्या हाती गाडी दिली म्हणून विमा कंपन्या हात झटकतात, ती भाषा इथे ओळखीची वाटते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या स्वर्णसिंग निकालाने कंपन्यांना सांगितले, की कित्येक प्रसंगी आधी जखमीला द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. पण मनूचा दंड राजाचा आणि गाडी गाडीवाल्याची. वस्तू जप्त होत नाही. तिथे हे नाते तुटते.

दुसरा दावेदार मराठी कागदांतला, मुंडकटाई. गावाच्या किंवा शिवेच्या भांडणात ज्याचे मुंडके पडले, त्याच्या वारसांना दिलेली जमीन. हिच्यावर माझा जीव आहे, कारण मोबदला थेट घरी जातो. पण ती रक्ताच्या वैराची भरपाई, चुकीने झालेल्या मरणाची नव्हे.

तिसरा सगळ्यांत बळकट. वकील म्हणतील, एवढे लांब कशाला जाता, हा तर साधा मुद्देमाल आणि सुपूर्तनामा. गुन्ह्यातली गाडी पंचनाम्याने जप्त होते, बंधपत्रावर सुटते, नव्या नियमाने फक्त अट कडक केली. खरे आहे, मार्ग तोच. पण मुद्देमाल पुराव्यासाठी ठेवतात, विकून फिर्यादीला पैसे देण्यासाठी नव्हे. वस्तूलाच देणेकरी धरण्याचा विचार वेगळ्या घरातला. अमेरिकन न्यायमूर्ती होम्स यांनी 1881 च्या ‘द कॉमन लॉ’मध्ये डिओडँड आणि बंदरात अडवून ठेवायचे जहाज एकाच माळेत ओवले आहे. मी त्या माळेत घोडेगावची पिकअप ओवतो. वेगळेपण एकच, आणि ते मोठे आहे: चाकाचे पैसे आता राजाला नाही, घरच्यांना.

विम्याची रूढ वंशावळ मात्र ब्रिटनच्या 1930 च्या कायद्यावरून सरळ आपल्या 1939 च्या मोटार वाहन कायद्यात येते. सक्तीचा विमा प्रत्यक्षात 1 जुलै 1946 पासून लागू झाला. त्यातच अपुऱ्या विम्याचा रोग होता. मालट्रकच्या विमा कंपनीची जबाबदारी एका अपघाताला वीस हजारांवर थांबायची; 1969 मध्ये पन्नास हजार, 1982 मध्ये दीड लाख. ट्रकखाली पाच माणसे गेली तरी मर्यादा तीच, उरलेले मालकाकडून काढा. 1981 मध्ये जादवजी केशवजी मोदी प्रकरणात पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड, तेव्हाचे सरन्यायाधीश, यांनी या मर्यादेची कडी सैल केली. ज्या ज्या माणसाला इजा झाली त्याच्या दृष्टीने तो वेगळा अपघात, म्हणून मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र. कायद्यातले शब्द जिकडे झुकत नव्हते तिकडे त्यांनी ते माणुसकीने वळवले, आणि मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. 1988 च्या कायद्याने मृत्यू आणि इजेपुरती मर्यादाच काढून टाकली.

मालमत्तेची ठेवली. सक्तीच्या विम्यात तिची हद्द 6,000 रुपये. पॉलिसीत एरवी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असते, पण हप्त्यातले थोडे पैसे वाचवायला मालक ते सहा हजारांवर आणू शकतो. आता बाजारातून दोराने चालवत नेलेली लाखाच्या वरची मुऱ्हा म्हैस अशा गाडीने उडवली तर? कायद्याला म्हैस मालमत्ता. सहा हजार कंपनीचे, बाकी मालकाच्या खिशातून.

मालकाच्या खिशात काही नसेल, तर शेवटची वाट जमिनीकडे जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 174 प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. तलाठ्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढू शकतो. मुंडकटाई कायद्यातून आली नाही, पण जमिनीपर्यंत मात्र आपण पुन्हा पोहोचलो. जुनी पिकअप लिलावात कितीला जाईल हे भंगारवालाही सांगेल, त्यामुळे ही दुसरी वाट पहिल्या दिवसापासून डोळ्यांपुढे ठेवावी लागते. दावा आपण राहतो त्या जिल्ह्यात लावता येतो, म्हणजे अपघात सुरतला झाला तरी घोडेगावकराला नगर पुरते. 2022 पासून मुदत सहा महिन्यांची आहे, आणि तेराव्याच्या धावपळीत, दवाखान्याच्या खेपांत ती केव्हा सरते ते कळत नाही.